पिवळ्या शेपटीची चार विमानं

१२ जानेवारी

प्रिय मावशी,

तुला फोन करायचा म्हणजे अर्धं गाव ऐकतं आणि तू मात्र पलीकडून ‘काय? काय?’ करत बसतेस. पंख्याच्या विमानांशेजारी तीस वर्षं उभी राहून तू कान घालवलेस, म्हणून हे पत्र. तुमचे वैमानिक, कॅप्टन दाढी, आत्ताच खाली भेटले. त्यांच्या बॅगेतून उद्या सकाळी तुझ्या हातात पडेल.

आमची कंपनी तुमची कंपनी विकत घेते आहे. निळी पिवळीला. आज दुपारी आम्हा सगळ्यांना जेवणाच्या हॉलमध्ये बोलावलं. खुर्च्या पुरल्या नाहीत, मी खिडकीच्या कट्ट्यावर चढून बसले. मोठे साहेब बराच वेळ माइकशी झटत होते. शेवटी तो बाजूला ठेवून म्हणाले, “विमानं आपल्याकडे आहेत. नाहीत त्या सकाळच्या वेळा. त्या आज मिळाल्या.”

तुला हे सांगायला नकोच, पण मला लिहिताना मजा येतेय म्हणून लिहिते. इथल्या, राजधानीच्या विमानतळाला धावपट्टी एकच. सकाळच्या गर्दीत कुणी कधी उतरायचं आणि कधी उडायचं याचे स्लॉट वर्षानुवर्षं वाटून दिलेले. नवा स्लॉट हवा म्हटलं तर सोन्याच्या भावाने मिळत नाही. आणि तुमची पिवळी कंपनी जुनी, त्यामुळे तिच्याकडे पहाटेपासूनचे उत्तम स्लॉट. ते आता आमचे.

आणि खरी बातमी पुढेच आहे. दोन्ही कंपन्यांची विमानं एकत्र आल्यावर कुठली ठेवायची, कुठली काढायची हे ठरवायला एक गट केलाय, त्यात मला घेतलंय. मी सगळ्यांत लहान. ज्या मुलीला तू सुट्टीत काउंटरमागे बसवून बॅगांना पट्ट्या चिकटवायला शिकवलंस, ती आता अख्ख्या ताफ्याचा विचार करणार. आईला सांगितलं तर ती म्हणाली, “जेवलीस का?”

आता आपण दोघी एकाच कंपनीत, मावशी. मला रात्री झोप लागणार नाही बहुतेक.

तुझी,
भिंगरी

२० जानेवारी

प्रिय भिंगरी,

अभिनंदन. तुझं पत्र मी काकांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते रोपांना पाणी घालत होते. एका कुंडीत इतकं घातलं की कुंडी भरून वाहायला लागली, म्हणजे त्यांनाही आनंद झाला असं समज.

इथे स्टेशनवर आमच्या सात माणसांत दोन तट पडलेत. काउंटरवरच्या मुली म्हणतात, निळा गणवेश छान आहे. आमचे मिस्त्री, म्हणजे विमानांची देखभाल करणारे, गणवेशाबद्दल काहीच बोलत नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि तो मी तुला विचारते.

साहेब म्हणाले, सकाळच्या वेळा मिळाल्या. बरोबर. पण त्या रिकाम्या पडून नव्हत्या ना? त्यातल्या एका वेळेला रोज आमचं विमान उतरतं. सत्तर माणसं बसतात त्यात. तुमच्या जेटमध्ये त्याच्या अडीचपट बसतात. मी साहेबांच्या जागी असते तर त्या वेळेला जेट उतरवलं असतं, बंदराच्या शहराहून वगैरे, आणि या डोंगरातल्या पंख्याच्या विमानाला म्हटलं असतं, तुम्ही दुपारी या.

दुपारी आलो तर काय होतं ते तुला ठाऊक आहे. डोळ्यांचे डॉक्टर मंगळवारी पहिल्या विमानाने इकडे येतात, दिवसभर ऑपरेशनं करतात आणि संध्याकाळच्या विमानाने परत जातात. आमचे लोक असेच तिकडे जाऊन कामं उरकून येतात. रस्त्याने गेलं तर जाण्यात एक दिवस, येण्यात एक दिवस, आणि घाटात पोटातलं सगळं बाहेर.

आणि आमची धावपट्टी आखूड. इथे जेट उतरत नाही हेही साहेबांना कुणी सांगितलं असेलच. तेव्हा पंख्याची विमानं ठेवताय की काढताय, तेवढं कळव.

तुझी,
मावशी

५ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

उशीर झाला, रागावू नकोस. आमचं ऑफिस वरच्या मजल्यावर हललं. खूप मोठ्या खिडक्या आहेत आणि त्यांना राखाडी पडदे लावलेत, जाड, पण उजेड थोडा आत येईल असे. कापड चांगलं आहे. दोऱ्या ओढल्या की अगदी सरळ वर जातात. माझ्या टेबलाजवळचा पडदा जरा अडकतो, पण ते दुरुस्त करणार आहेत.

कामाचं मात्र काही लिहिता येणार नाही. स्पर्धा आयोगाची परवानगी मिळेपर्यंत दोन्ही कंपन्यांनी दोन वेगळ्या कंपन्यांसारखंच वागायचं, एकमेकींना काही सांगायचं नाही, असं वकिलांनी बजावलंय. तू पिवळीची, मी निळीची. सही पण घेतली आमची.

एवढंच सांगते की काम फार रंगतंय. सकाळी येते आणि संध्याकाळ कधी होते कळत नाही. चष्मेवाल्या मॅडम आमच्या प्रमुख. कडक आहेत पण शिकवतात.

पडद्यांचा फोटो पाठवीन.

तुझी,
भिंगरी

११ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

लहानपणी तुझ्या घरच्या खिडकीला दोन वर्षं पडदा नव्हता, ते तुझ्या लक्षातही आलं नव्हतं. आणि आता पडद्यांवर अर्धं पान. जे तू लिहिलं नाहीस ते मला पोचलं. पंख्याची विमानं चालली.

रागावले नाहीये. सही केलीस ना, मग गप्प बसायलाच हवं. तू फुटली असतीस तर मला जास्त वाईट वाटलं असतं. आणि तुमचं गणितही मला समजतं. एकाच जातीची विमानं ठेवली की सुटे भाग एकाच जातीचे, वैमानिकांचं शिक्षण एकच, मिस्त्री एकच. दोन जाती सांभाळणं म्हणजे एका घरात दोन स्वयंपाकघरं.

माझी काळजी करू नकोस. सेवानिवृत्ती जवळच आली आहे. मी आता काकांच्या रोपवाटिकेत लक्ष घालणार. सध्या त्यातच बुडालेली असते, त्यामुळे पत्रं लहान येतील.

तुझी,
मावशी

१० मार्च

प्रिय मावशी,

तू बागेत रमलीस हे वाचून किती हलकं वाटलं सांगू. महिनाभर मी तुझ्या नजरेला नजर द्यायला घाबरत होते, तेही मनातल्या मनात. आता वाटतं, बरंच झालं. तीस वर्षं तू पहाटे उठलीस. आता ऊन वर येईपर्यंत झोप.

कुठली रोपं लावतेयस? काका फोनवर म्हणाले, “कुठलं काय, ती बागेत पाऊल टाकत नाही, दिवसभर माणसं गोळा करते.” मग खोकला आला त्यांना आणि फोन बंद झाला. माणसं गोळा करून बाग करतेस म्हणजे मोठंच काहीतरी चाललं असणार. मजुरांना दुपारचा चहा देत जा.

इकडे वातावरण तापलंय. बंदराच्या शहराला जाणारी विमानं निळी आणि पिवळी, दोनच कंपन्यांची. आजवर एकीने तिकीट उतरवलं की दुसरी उतरवायची. आता दोघी एक झाल्या तर उतरवणार कोण, असं वर्तमानपत्रं विचारताहेत. आमचे वकील रोज नवी टाय लावून येतात. मला हे सगळं आवडतंय, मावशी. खोटं कशाला बोलू.

तुझी,
भिंगरी

४ एप्रिल

मावशी,

बागकाम म्हणे.

आज सकाळी काय झालं ते ऐक. परवानगी मिळालीच तर पंख्याची नऊ विमानं विकायची, म्हणून कंपनीने इच्छुकांचे अर्ज मागवले होते. ते उघडायचं काम माझ्याकडे. पहिले तिघे परदेशी. चौथा अर्ज पातळसा, डोंगरातून आलेला. जमिनीच्या मोजणीसाठी छोटी विमानं उडवणाऱ्या एका कंपनीच्या नावाने, चार विमानं हवी म्हणून. खाली तीन सह्या. एक त्या कंपनीच्या मोजणीवाल्या बाईंची, एक कॅप्टन दाढींची. आणि तिसरी सही मी जन्मापासून ओळखते. माझ्या प्रगतिपुस्तकांवर आईला वेळ नसला की तीच असायची.

मी कागद उलटा ठेवला. मग उठून चष्मेवाल्या मॅडमच्या खोलीत गेले.

“मॅडम, चौथ्या अर्जातली एक व्यक्ती माझी मावशी आहे.”

“सख्खी?”

“सख्खी.”

“अर्ज वाचलास?”

“सही दिसेपर्यंत.”

त्यांनी चष्मा काढला. तो त्या क्वचितच काढतात. म्हणाल्या, “फाइल इथे ठेव. आजपासून तू विमानांच्या गटात नाहीस. उद्या सांगते कुठे बसायचं ते.”

बस. यातलं मी तुला एवढंच लिहू शकते. बाकीच्यांनी काय देऊ केलं, मॅडमचं मत काय, मला माहीत नाही आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं.

पण मावशी, तू विमान कंपनी काढतेयस? काढतेयस तर काढ, पण मला ‘रोपवाटिका’ काय म्हणून लिहिलंस? मी मजुरांना चहा द्यायला सांगितला.

भिंगरी

१२ एप्रिल

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रडले, मग काकांनी विचारलं की नक्की काय चाललंय.

तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू अडकली असतीस. तू विमानांच्या गटात आहेस हे मला ठाऊक होतं. मला वाटलं, अर्ज कुणा मोठ्या साहेबाच्या टेबलावर जाईल. तो तुझ्याच हातात पडेल असं स्वप्नातही आलं नाही.

झालं असं. तुझ्या पडद्यांच्या पत्रानंतर मी दाढीला आणि मिस्त्रींना घरी बोलावलं. म्हटलं, विमानं जाणार. दाढी म्हणाला, “मग आपणही जाऊ. मला परदेशातून बोलावणं आहे.” मिस्त्री चहा ढवळत म्हणाले, “विमानं म्हातारी नाहीत. अजून पंधरा वर्षं उडतील. नको आहेत ती त्यांना. आपल्याला हवी आहेत.” एवढ्यावरून सुरुवात झाली. उडवायचा परवाना कुठून आणायचा यावर आठवडा गेला. मग मोजणीवाल्या बाई आठवल्या. त्यांच्याकडे परवाना आहे, हँगर आहे आणि फार मोठं धाडस आहे. मग डोळ्यांचे डॉक्टर आले, गावातले व्यापारी आले, पलीकडच्या दोन खोऱ्यांतली माणसं आली. तिथली विमानंही बंद होणारच आहेत. आमच्या स्वयंपाकघरात बसायला जागा उरली नाही. लोक ओट्यावर बसले. माझ्या ओट्यावर, भिंगरी, आणि मी काही बोलले नाही.

आता यातलं काहीच गोड लागत नाही. आमच्यापायी तुझं काम गेलं. उद्याच मी पत्र पाठवून माझं नाव काढून घेते. बाई आणि दाढी पुढे चालवतील. तू मॅडमना सांग की मावशीचा आता संबंध नाही, आणि जागा परत माग.

तुझी,
मावशी

१६ एप्रिल

मावशी,

नाव काढलंस तर मी बोलणार नाही तुझ्याशी, कधीच.

मला शिक्षा झालेली नाही. मला वेळापत्रकाच्या गटात टाकलंय, आणि विमानांपेक्षा ते जास्त चित्तथरारक आहे. मॅडम मला म्हणाल्या, “जी मुलगी स्वतः येऊन सांगते, तिच्या हातात मी स्लॉट देऊ शकते.” कुणाला सांगू नकोस, मी स्वच्छतागृहात जाऊन नाचले.

आता तुझ्या कामाबद्दल मला काही लिहू नकोस. मीही लिहिणार नाही. आयोगाचा निकाल लागेपर्यंत आपण फक्त हवामानावर बोलायचं. इथे उकडतंय.

भिंगरी

२१ जून

प्रिय मावशी,

आयोगाची सुनावणी खुली होती, सगळ्यांनी पाहिली, म्हणून हे लिहायला हरकत नाही असं वकिलांना विचारून लिहिते. दाढी आणि डॉक्टर तुला सांगतीलच. पण ते लोकांच्या बाजूने बसले होते, मी कंपनीच्या बाजूने होते, आणि मला हे माझ्या तोंडून सांगायचंय. स्टेशन चालवायला म्हणून तू तिकडेच राहिलीस ते एका अर्थी बरं झालं. तू समोर असतीस तर माझी जीभ वळली नसती.

मोठी खोली, उंच छत, पंखे इतके मोठ्याने फिरत होते की तिथे तुला आणि आम्हाला सारखंच ऐकू आलं असतं. मध्ये अध्यक्षबाई. बारीक चणीच्या, पांढरे केस, पाण्याचा ग्लास सतत हातात. आधी बंदराच्या शहरावर दोन तास वाद झाला. मग डोंगराची पाळी आली. डॉक्टर उठले. म्हणाले, मी भाषण करणार नाही, मी मंगळवार कसा जातो ते सांगतो. आणि खरंच तेवढंच सांगून बसले.

मग आमचे वकील उठले. “नव्या कंपनीला जागा मिळावी म्हणून आम्ही राजधानीतल्या आठ वेळा सोडायला तयार आहोत.” तक्ता सगळ्यांना वाटला. तो तक्ता मी बनवला होता. मला सांगितलं होतं, ज्या वेळा आपल्याला जड जात नाहीत त्या काढ. त्या मी काढल्या. सगळ्या दुपारच्या, जेव्हा धावपट्टीवर कबुतरं बसलेली असतात.

अध्यक्षबाईंनी तक्ता खालीवर पाहिला. “हा कुणी केला?”

वकिलांनी माझ्याकडे बोट केलं. मी उभी राहिले.

“या वेळा घेऊन उडणाऱ्या विमानाने डोंगरातला माणूस इथे येऊन, काम उरकून, त्याच दिवशी घरी जाऊ शकतो का?”

वकील पुटपुटले, “म्हण, अभ्यास चालू आहे.” ते मी ऐकलं. समोर दाढी आपली दाढी मुठीत धरून बसले होते. खोटं नाही, शपथेवर सांगते मावशी, त्या क्षणी मला तू आठवली नाहीस, डॉक्टरही नाहीत. मला तो तक्ता दिसत होता आणि उत्तर त्यातच होतं.

“नाही,” मी म्हटलं.

“जाऊ शकेल अशा वेळा तुमच्या कंपनीकडे आहेत?”

“आहेत. दोन्ही कंपन्या एक झाल्यावर सकाळच्या पहिल्या दोन तासांतल्या निम्म्याहून जास्त वेळा आमच्याच असतील. संध्याकाळी त्याहून जास्त.”

अध्यक्षबाई पाणी प्यायल्या, त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, “बसा.”

बाहेर कॉफीच्या यंत्रापाशी मॅडमनी मला गाठलं. मला वाटलं, संपलं. त्या म्हणाल्या, “‘नाही’ म्हणालीस, ठीक. ‘आहेत’ म्हणालीस, तेही ठीक. तिथे थांबायचं होतं. निम्म्याहून जास्त, हे कुणी विचारलं होतं?”

“कुणी नाही.”

“उद्या नऊला ये. आता खरा तक्ता करावा लागणार.” आणि माझी कॉफी घेऊन गेल्या.

निकाल पुढच्या महिन्यात.

तुझी,
भिंगरी

१९ जुलै

प्रिय भिंगरी,

निकाल तुम्हालाही कळला, आम्हालाही कळला, तरी मला लिहू दे. मला तो पुन्हा पुन्हा लिहायचाय.

दोन्ही कंपन्यांनी एक व्हायला परवानगी. अट अशी, की राजधानीतल्या चार सकाळच्या आणि चार संध्याकाळच्या वेळा सोडायच्या. त्यातल्या सकाळच्या दोन आणि संध्याकाळच्या दोन बंदराच्या शहरासाठी, तेवढ्याच डोंगरातल्या गावांसाठी, अशा नव्या कंपन्यांना द्यायच्या. आणि पंख्याची चार विमानं, जो कुणी ती डोंगरात उडवेल त्याला रास्त भावात विकायची, परदेशी गिऱ्हाइकाच्या आधी.

रेडिओवर लागलं तेव्हा मी काउंटरवर होते. मला नीट ऐकू आलं नाही. काउंटरवरच्या मुली एकदम माझ्या गळ्यात पडल्या तेव्हा वाटलं, कुणीतरी गेलं. मिस्त्री धावत आले नाहीत. ते धावत नाहीत. हातातला पाना पुसत पुसत आले आणि म्हणाले, “चार मिळाली. आपल्याला माहीत असलेलीच चार मागू या. तीन नंबरचं मला मुलासारखं आहे.”

तू सुनावणीत काय बोललीस ते दाढीने मला तीनदा सांगितलं. दर वेळी तुझा आवाज थोडा मोठा होत गेलाय. मी तुला शाबासकी देत नाही. तू मला मदत केली नाहीस, तू खरं उत्तर दिलंस, आणि या दोन्हींतला फरक लोकांना कळायला हवा म्हणून गावात तुझ्याबद्दल ‘आपली पोरगी’ म्हणणाऱ्यांना मी गप्प करते. आतून मात्र माझं काय होतंय ते विचारू नकोस.

पिवळीचं शेवटचं विमान महिनाअखेर उडेल. मग आमची चालू होईपर्यंत पत्रं एसटीसारखी घाटातून हेलकावे खात येतील. धीर धर.

तुझी,
मावशी

५ सप्टेंबर

प्रिय मावशी,

तुझं ऑगस्टमधलं पत्र तेरा दिवसांनी मिळालं आणि त्याला डिझेलचा वास येत होता.

आज हँगरमध्ये गेले होते. पिवळीची जेट एकामागून एक निळी होताहेत. शिड्या लावून माणसं शेपट्या घासत होती. कडेला तुमची चार उभी आहेत, ती रंगवायची नाहीत म्हणून तशीच ठेवलीत. संपूर्ण निळ्या रांगेत चार पिवळ्या शेपट्या. मी उगाच तिथून तीन फेऱ्या मारल्या.

एक सांगायचं, आणि हे सगळ्यांना माहीत असलेलं आहे. वेळ मिळाली म्हणजे ती कायमची आपली नाही. दहापैकी आठदा तरी ती वापरली नाही तर पुढच्या हंगामात काढून घेतात. धुकं असेल तेव्हा काय करणार, वैमानिक आजारी पडला तर काय, याचा विचार आत्ताच करून ठेवा. टपून बसलेले पुष्कळ आहेत. त्यात आम्हीही.

तुझी,
भिंगरी

२ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

उडालो.

पहिलं विमान भरलेलं होतं. खोटं नाही, एक जागा रिकामी होती, कारण एका आजोबांना आयत्या वेळी भीती वाटली. मी त्यांना म्हटलं, “मी येऊ का बरोबर?” तर म्हणाले, “तू आलीस तर विमान कोण सोडणार?” तेही खरंच. आता मीच कामकाजप्रमुख आहे. कार्यालय म्हणजे जुन्या सामानघरात एक टेबल, दोन फोन, एक हीटर. फोन मोजणीवाल्या बाई उचलतात.

धुकं होतं. दाढी विमानात बसून होता आणि मी खाली उभी होते. तुझं पत्र डोक्यात घुमत होतं, दहापैकी आठ. पहिल्याच दिवशी चुकलो असतो. मग डोंगराची कड दिसायला लागली, मग झाडं, मग धावपट्टीचं टोक. दाढीने खिडकीतून अंगठा दाखवला. पंखे फिरायला लागले तेव्हा मला आवाज ऐकू आला, अगदी लख्ख. काका म्हणतात, तो पलीकडच्या खोऱ्यातही ऐकू गेला असेल, त्यात काय.

संध्याकाळी तेच विमान परत आलं. परतीला चढणाऱ्यांत डॉक्टर नव्हते, त्यांचा मंगळवार असतो. पण उतरणाऱ्यांत एक बाई होत्या, राजधानीत मुलीची मुलाखत उरकून मुलीसकट परतलेल्या. दोघींच्या हातात नवीन चपलांची खोकी. मी नुसती त्या खोक्यांकडे बघत राहिले. एका दिवसात जाऊन, चपला घेऊन, घरी. यासाठीच तर सगळी ओढाताण.

आता मुद्द्याचं. आम्हाला वेळापत्रक करणारं माणूस हवंय. बाई म्हणाल्या, तुझ्या भाचीला विचार. मी विचारते आहे. मोठी खिडकी नाही, पडदा तर नाहीच. ये.

तुझी,
मावशी

१५ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझ्या विचारण्याला मी तीन महिने हो-नाही काहीच म्हटलं नाही. तू समजून घेतलंस, की मी विचार करतेय. मी विचार करत नव्हते, मावशी. मी लपवत होते. आज सकाळी उन्हाळ्याचं वेळापत्रक जाहीर झालं. ते बाहेर पडलं त्या घटकेला हे पत्र लिहायला घेतलंय.

मार्चअखेरपासून आम्ही तुझ्या गावाला येतोय.

आमच्याकडे पंख्याची पाच विमानं उरली होती. परदेशी गिऱ्हाईक ठरलं होतं. मी तुमच्या विमानांत किती माणसं बसतात ते बघत होते. ते आकडे सगळ्यांसाठी खुले असतात. दर आठवड्याला बघत होते आणि माझे डोळे विस्फारत होते. तुमच्याकडे लोकांना तिकीट मिळत नाहीये. मी मॅडमकडे गेले. म्हटलं, आपण चुकतोय, सगळीकडे जेट नेता येत नाही, पाचांतली तीन तरी ठेवू या. त्या म्हणाल्या, “दाखव.” मी दाखवलं. आठ बैठका झाल्या. मोठे साहेब म्हणाले, “आपण सोडलेल्या गावात परत जायचं?” मी म्हटलं, “सोडलं तेव्हा आपल्याला ते गाव माहीत नव्हतं.”

तर तीन राहिली. एक दुपारी येईल, एक संध्याकाळी. सकाळ तुमची आहे, तुम्ही उडत राहाल तोवर ती कुणी घेऊ शकत नाही.

मी तिकडे येणार नाही, मावशी. मला हेच काम करायचंय, इथेच. आणि त्याचा अर्थ असा, की आता मी तुझ्याविरुद्ध आहे. पहिल्यांदा हे लिहिलं तेव्हा खोडलं, मग पुन्हा लिहिलं. रागावली असशील तर तसं कळव, हवामानावर लिहू नकोस.

तुझी,
भिंगरी

२३ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

पत्र वाचलं, दाढीला बोलावलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. तो वाचून म्हणाला, “भाचीने घात केला.” मिस्त्री म्हणाले, “तीन विमानं वाचली.” मोजणीवाल्या बाईंनी दराचा कागद काढला आणि पेन्सिलीला टोक करायला घेतलं.

मी रागावले का? पहिला अर्धा तास, हो. हीटर लावायचाही विसरले. मग गेल्या आठवड्यातली गोष्ट आठवली. डोळ्यांच्या डॉक्टरांचं संध्याकाळचं विमान आमच्यामुळे रखडलं. ते विचारायला आले, तर मी म्हटलं, “दुसरं कुठलं विमान आहे तुम्हाला?” असं म्हणाले मी, भिंगरी. ते जाऊन बाकावर बसले. चार महिन्यांत आम्ही दोनदा दर वाढवले, तेही असंच, विचारणारं कुणी नाही म्हणून. तुमच्या साहेबांबद्दल स्वयंपाकघरात बसून आम्ही जे जे बोललो होतो, ते सगळं एकेक करून आमच्या अंगाला चिकटायला लागलं होतं. एकट्याने बसलं की चिकटतंच बहुधा.

तेव्हा या. बाईंनी उन्हाळ्याचे दर आजच उतरवलेत, तुमचे बाहेर पडायच्या आत. दाढी वैमानिकांना वक्तशीरपणावर भाषण देतोय. सगळ्यांच्या अंगात वारं शिरलंय. उद्घाटनाच्या दिवशीही इतकी धावपळ नव्हती.

आणखी एक. तुमच्या कार्यालयातून विचारणा आली आहे, इथे तुमच्या विमानाला शिडी लावायला, सामान उतरवायला कुणी मिळेल का. या विमानतळावर ते काम करणारं आमच्याशिवाय कोण आहे? मी होकार कळवला. म्हणजे तुझ्या विमानाची वाट बघत धावपट्टीच्या कडेला मीच उभी असणार. काम चोख करीन, तक्रारीला जागा ठेवणार नाही. पण तुझ्या विमानात जागा रिकाम्या दिसल्या तर चेहऱ्यावरचं हसू लपवीन असं वचन देत नाही.

पहिल्या दिवशी तू ये. येताना तुझ्या विमानाने ये, परत जाताना आमच्या. दोन्हीकडे चहा घे आणि कुठला बरा होता ते मला तोंडावर सांग. माझ्या उजव्या बाजूला उभी राहून सांग, त्या कानाने थोडं ऐकू येतं.

तुझी,
मावशी